पाककृतीत ३५०, ओव्हनवर २५०: केक वारंवार करपत किंवा कच्चा राहत असेल तर काय तपासावे

घरी केक, बिस्किटे किंवा पाव करणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. केक वरून काळपट होतो, मधोमध फुटतो आणि कापल्यावर आत गिच्च निघतो. पुढच्या वेळी आच कमी केली की तोच केक तासभर ओव्हनमध्ये राहूनही फिकट दिसतो आणि कोरडा पडतो. अशा वेळी बहुतेक जण मैदा बदलतात, नवी बेकिंग पावडर आणतात, दही कमी करून पाहतात, तरीही फरक पडत नाही. साहित्य नीट मोजलेले असूनही दर वेळी हाच प्रकार होत असेल, तर दोष बहुधा तापमानाच्या आकड्यात असतो. पाककृतीतला आकडा केकपर्यंत पोहोचेपर्यंत तीन ठिकाणी चुकू शकतो: तो कोणत्या मापात लिहिला आहे हे ओळखताना, तो कोणत्या प्रकारच्या ओव्हनसाठी आहे हे ठरवताना, आणि आपला ओव्हन आत प्रत्यक्षात किती तापतो हे गृहीत धरताना. तपासणी याच क्रमाने करावी, कारण पहिल्या दोन गोष्टींना काहीही खर्च येत नाही.

आकडा कोणत्या मापातला आहे?

सर्वांत जास्त घोटाळा ३५० या आकड्यामुळे होतो. अमेरिकन पाककृतींत केकसाठी बहुतेक वेळा ३५० अंश लिहिलेले असते आणि ते फॅरनहाइटमध्ये असते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ओटीजीचा (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन) नॉब साधारणपणे १०० पासून २५० पर्यंत फिरतो आणि त्यावरचे अंश सेल्सिअसमध्ये असतात. नॉबवर ३५० सापडत नाही, म्हणून तो शेवटपर्यंत फिरवून २५० वर ठेवला जातो. ही आच केकला हव्या असलेल्या आचेपेक्षा सुमारे ७५ अंश सेल्सिअसने जास्त असते. कडा आणि वरचा थर लवकरच घट्ट होतो, आतले मिश्रण मात्र अजून फुगायचे असते. ते मिळेल तिथून वाट काढते आणि केक मध्यभागी तडकतो. अशा केकमध्ये बेकिंग पावडर जास्त झाली असे वाटते, पण तिचा त्यात काही दोष नसतो.

याची उलट बाजू अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत दिसते. इथून पाठवलेल्या पाककृतीत ‘१८० वर ३५ मिनिटे’ असे लिहिलेले असते, तिथला ओव्हन फॅरनहाइटवर चालतो आणि १८० दाबल्यावर तो निमूटपणे तेवढाच तापतो. १८० अंश फॅरनहाइट म्हणजे ८२ अंश सेल्सिअस, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी. त्या आचेवर केकला रंग येणे शक्यच नसते, कारण पिठाला आणि साखरेला तांबूस रंग येण्याची क्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते.

दोन्ही मापांतला संबंध समजून घेतला की कोष्टक पाठ करावे लागत नाही. सेल्सिअसमध्ये पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंत १०० अंश आहेत. फॅरनहाइटमध्ये तेच अंतर ३२ पासून २१२ पर्यंत, म्हणजे १८० अंशांचे आहे. म्हणून फॅरनहाइटमधून ३२ वजा करून ५ ने गुणावे आणि ९ ने भागावे. हात पिठात असताना तोंडी करायचे तर ३२ वजा करावेत, उरलेल्याचे निम्मे करावे आणि त्या निम्म्याचा दहावा भाग त्यातच मिळवावा: ३५० मधून ३२ गेले की ३१८, त्याचे निम्मे १५९, त्यात १६ मिळवले की १७५. अचूक उत्तर १७७ येते, पण स्वयंपाकघरात हा फरक मोजण्याजोगा नाही. उलट जायचे असेल तर सेल्सिअसचा आकडा दुप्पट करावा, त्यातून दहावा भाग वजा करावा आणि ३२ मिळवावेत: १८० चे ३६०, त्यातून ३६ गेले की ३२४, त्यात ३२ मिळवले की ३५६. अमेरिकेतल्या ओव्हनवर यासाठी ३५० ठेवणे बरोबर आहे.

नेहमी लागणारे आकडे एवढेच आहेत:

३०० फॅरनहाइट = १५० सेल्सिअस
३२५ फॅरनहाइट = १६० ते १६५ सेल्सिअस
३५० फॅरनहाइट = १७५ ते १८० सेल्सिअस
३७५ फॅरनहाइट = १९० सेल्सिअस
४०० फॅरनहाइट = २०० ते २०५ सेल्सिअस
४२५ फॅरनहाइट = २२० सेल्सिअस
४५० फॅरनहाइट = २३० सेल्सिअस

पाककृतीत नुसता आकडा असेल आणि माप लिहिलेले नसेल, तर २५० च्या वरचा आकडा जवळजवळ नेहमी फॅरनहाइट समजावा. अडचण २०० ते २५० या पट्ट्यात येते, कारण इथे दोन्ही मापे संभवतात. तेव्हा वेळेकडे पाहावे. पाव २२० अंशांवर २५ मिनिटे भाजायचा असेल तर ते सेल्सिअस आहे; मांसाचा मोठा तुकडा २२५ अंशांवर कित्येक तास ठेवायला सांगितले असेल तर ते फॅरनहाइट, म्हणजे फक्त १०७ सेल्सिअस आहे. लोण्याचे माप ‘स्टिक’मध्ये दिले असेल किंवा मैद्याला ‘ऑल पर्पज फ्लोअर’ म्हटले असेल, तर पाककृती अमेरिकन आहे हे जवळपास ठरते.

इथे एक चूक वारंवार होते आणि ती मोबाइलवरच्या रूपांतर करणाऱ्या सोयीमुळेच होते. पाककृतीत ‘काचेचे भांडे असल्यास तापमान २५ अंश फॅरनहाइटने कमी करा’ असे लिहिलेले असते. मोबाइलमध्ये २५ फॅरनहाइट टाकले की उत्तर येते उणे ४ सेल्सिअस, आणि मग एक तर चार अंश कमी केले जातात किंवा ती सूचनाच सोडून दिली जाते. प्रत्यक्ष तापमान बदलताना ३२ वजा करायचे असतात. दोन तापमानांमधला फरक बदलताना ते वजा करायचे नसतात. २५ अंश फॅरनहाइटचा फरक म्हणजे फक्त २५ गुणिले ५ भागिले ९, म्हणजे सुमारे १४ अंश सेल्सिअस. नॉबवर तो १५ धरावा.

ब्रिटिश पाककृतींत ‘गॅस मार्क ४’ असे आढळते. गॅस मार्क १ म्हणजे २७५ अंश फॅरनहाइट, आणि पुढच्या प्रत्येक अंकाला २५ अंश फॅरनहाइटची वाढ; त्यामुळे ४ म्हणजे ३५० फॅरनहाइट किंवा १८० सेल्सिअस, आणि ६ म्हणजे ४०० फॅरनहाइट किंवा २०० सेल्सिअस. फ्रेंच पाककृतीत ‘थर्मोस्टॅट ६’ असा अंक दिसला तर त्याला ३० ने गुणावे, उत्तर सेल्सिअसमध्ये येते. दोन्ही अंक एकच समजू नयेत.

तो आकडा कोणत्या ओव्हनसाठी आहे?

माप बरोबर ओळखूनही पदार्थ वेळेआधी करपत असेल तर पंखा तपासावा. ओव्हनमध्ये पंखा फिरत असला की गरम हवा पदार्थाच्या भोवती सतत सरकत राहते आणि त्याच तापमानाला जास्त उष्णता पदार्थात शिरते. म्हणून बिनपंख्याच्या ओव्हनसाठी दिलेला आकडा पंख्याच्या ओव्हनमध्ये १५ ते २० अंश सेल्सिअसने कमी करावा लागतो. ब्रिटिश पाककृतींत हे दोन्ही आकडे शेजारी छापलेले असतात, १८० आणि त्यापुढे पंख्यासाठी १६०. पंख्याचा आकडा उचलून तो साध्या ओटीजीवर ठेवला की केक मंद आचेवर वाळत राहतो, आणि साधा आकडा पंख्याच्या ओव्हनवर ठेवला की कडा जळतात. अमेरिकन पाककृतीत वेगळी सूचना नसेल तर आकडा बिनपंख्याच्या ओव्हनसाठी आहे असे धरावे.

मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शन प्रकारात पंखा नेहमीच चालू असतो आणि तो बंद करता येत नाही. ओटीजीत मात्र काहींना पंखा नसतोच, तर काहींत त्यासाठी वेगळे चिन्ह किंवा बटण असते, आणि नॉब नकळत त्या खुणेवर राहिलेला असतो. केक भाजण्यापूर्वी ओव्हन रिकामा चालू करून कान लावावा. पंख्याची घरघर लगेच ओळखू येते. आणखी एक सावधगिरी अशी की काही कन्व्हेक्शन ओव्हनच्या सूचनापुस्तिकेतले आकडे पंखा धरूनच दिलेले असतात, आणि त्यातून पुन्हा २० वजा केले तर पदार्थ कच्चा राहतो.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये केकचे भांडे थेट फिरत्या काचेच्या ताटलीवर ठेवू नये. सोबत मिळालेली बुटकी जाळी खाली ठेवावी, म्हणजे गरम हवा भांड्याच्या तळाखालूनही फिरेल. वरून झालेला आणि तळाशी पांढरट राहिलेला केक बहुधा या एका कारणामुळे तसा राहतो. धातूचे भांडे फक्त कन्व्हेक्शनवर चालते, मायक्रोवेव्हवर किंवा दोन्ही एकत्र असलेल्या पद्धतीवर नाही.

आपला ओव्हन आत किती तापतो?

या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि वारंवार बिघडणाऱ्या केकचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. नॉबवर १८० ठेवले याचा अर्थ ओव्हनच्या आत १८० आहे असा होत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा भाग, ठरलेल्या तापमानाला उष्णता देणारा रॉड बंद करतो, आतली हवा थोडी निवली की पुन्हा चालू करतो. त्यामुळे तापमान सतत वर-खाली होत असते, आणि छोट्या ओटीजीत हा चढउतार दोन्ही बाजूंना दहा-पंधरा अंश सहज असतो. शिवाय साध्या ओटीजीचा थर्मोस्टॅट नॉबमागे, बाजूच्या भिंतीपाशी असतो, आणि तिथली उष्णता व मधल्या जाळीवरची उष्णता सारखी नसते. म्हणून एकाच कंपनीच्या दोन ओटीजींत एकाच आकड्यावर वेगवेगळा केक होऊ शकतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायचा तबकडीचा तापमापक. तो बेकिंगचे साहित्य मिळणाऱ्या दुकानांत मिळतो आणि महाग नसतो. तो मधल्या जाळीवर, जिथे केकचे भांडे ठेवतो त्याच जागी ठेवावा. नॉब १८० वर फिरवावा, वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड चालू ठेवावेत आणि रॉड तापत असताना पेटणारा दिवा पहिल्यांदा बंद झाला की लगेच वाचन घेऊ नये. त्या वेळी हवा तापलेली असली तरी भिंती आणि तळ अजून तापलेले नसतात, आणि दार उघडताच सगळी गरम हवा बाहेर निघून जाते. दिवा दोन-तीनदा बंद-चालू होऊ द्यावा, आणि त्यानंतर दार न उघडता काचेतून दर दोन-तीन मिनिटांनी काटा कुठे आहे हे पाहून लिहून ठेवावे. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा घेऊन त्यांची सरासरी काढावी. ती सरासरी म्हणजे आपल्या ओव्हनचे त्या खुणेवरचे खरे तापमान. समजा नॉबवर १८० असताना सरासरी १६० आली, तर केकसाठी नॉब २०० च्या आसपास ठेवून पुन्हा मोजावे. हीच मोजणी १५० आणि २२० लाही करावी, कारण कमी आचेवर असलेला फरक जास्त आचेवर तेवढाच राहील असे नाही. दुरून तापमान दाखवणारी बंदुकीसारखी यंत्रे या कामाची नाहीत. ती पृष्ठभागाचे तापमान दाखवतात, आणि चकचकीत धातूवर तर तेही चुकीचे दाखवतात.

तापमापक मिळेपर्यंत साखरेने अंदाज घेता येतो. साखर साधारण १८६ अंश सेल्सिअसला वितळते. ओव्हन १७५ वर नीट तापवून घ्यावा, फॉइलच्या छोट्या वाटीत दोन चमचे साखर मधल्या जाळीवर पंधरा मिनिटे ठेवावी. दाणे मोकळे राहिले पाहिजेत, कडेला थोडा पिवळसरपणा आला तर चालेल. मग नवी साखर घेऊन नॉब १९० वर ठेवून तेच करावे. या वेळी ती वितळली पाहिजे. १७५ वरच पाक झाला तर ओव्हन दाखवतो त्यापेक्षा जास्त तापतो आहे, आणि १९० वरही साखर जशीच्या तशी राहिली तर कमी तापतो आहे. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ साखर आत ठेवू नये, कारण बराच वेळ तापत राहिली तर ती त्याहून कमी तापमानालाही हळूहळू विरघळू लागते आणि निष्कर्ष चुकतो. वितळलेली साखर बोटाला लागली तर फार खोल भाजते, म्हणून वाटी चिमट्यानेच काढावी.

तापमापक एके दिवशी बरोबर आणि दुसऱ्या दिवशी कमी दाखवत असेल, तर विजेचा दाब पाहावा. रॉडची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर १५०० वॅट देणारा ओटीजी २०० व्होल्टवर साधारण ११३० वॅटच देतो, म्हणजे जवळपास पाव भाग शक्ती गळते. ज्या गावांत संध्याकाळी दाब उतरतो तिथे दुपारी उत्तम होणारा केक रात्री बसका होण्याचे हे एक साधे कारण आहे. थर्मोस्टॅट आपले काम बरोबर करत असतो, पण ओव्हन तापायला आणि दार उघडल्यावर पुन्हा सावरायला फार वेळ घेतो. अशा वेळी नॉब वाढवण्यापेक्षा ओव्हन जास्त वेळ आधी तापवावा आणि भाजताना दार अजिबात उघडू नये.

तापमान बरोबर आहे, तरीही वरून करपते

छोट्या ओटीजीत रॉड पदार्थापासून अगदी जवळ असतात आणि पदार्थ हवेइतकाच त्यांच्या थेट धगीने भाजला जातो. उंच भांड्यात केला तर फुगलेला केक वरच्या रॉडपासून दोन-तीन बोटांवर येतो, आणि तिथली धग हवेचा तापमापक सांगतो त्याहून कितीतरी जास्त असते. भांडे अशा जाळीवर ठेवावे की फुगल्यानंतरचा केक पोकळीच्या मध्यावर येईल. तेवढी जागा नसेल तर केकला फक्त खालचा रॉड वापरावा आणि शेवटची काही मिनिटे वरचा चालू करावा, किंवा रंग आला की वरून फॉइल सैल झाकावी. मात्र ती रॉडला टेकू देऊ नये.

भांड्याचाही परिणाम होतो. काळे भांडे धग जास्त शोषते, चकचकीत अॅल्युमिनियम ती परतवते. काळ्या किंवा काचेच्या भांड्यासाठी आच १० ते १५ अंशांनी कमी करावी. बिनअंड्याच्या केकमध्ये कंडेन्स्ड मिल्क असेल तर त्यातल्या दुधामुळे आणि साखरेमुळे रंग लवकर येतो. अशा केकला १६० ते १७० सेल्सिअस आणि जास्त वेळ हेच मानवते.

हीच धग काही पदार्थांना हवी असते. गोव्याची बिबिंक पूर्वीपासून वरून निखारे ठेवून थराथराने भाजली जाते. प्रत्येक थर वरून तांबूस झाला की पुढचा ओतायचा. ओटीजीत ती वरच्या रॉडवरच करावी, तिथे १८० चा हिशेब उपयोगी पडत नाही, थराचा रंगच पाहावा लागतो. नानकटाईचे उलटे आहे. आजीच्या वहीत ‘भट्टीत भाजून आणावी’ एवढेच असते, कारण पीठ, साखर आणि तूप घेऊन बेकरीत जायची पद्धत होती आणि विटांच्या भट्टीला नॉब नव्हता. घरी तिला १६० ते १७० सेल्सिअस आणि २० मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. ती ट्रेवर पसरून पापडासारखी होत असेल तर ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता किंवा तूप फार पातळ होते. तेव्हा वळलेल्या नानकटाया ट्रेसकट थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून मगच पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये घालाव्यात.

दुरुस्ती करताना

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नॉब, जाळी आणि भांडे एकदम बदलले आणि केक चांगला झाला, तरी कशाने झाला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. मधोमध फुटून उंच झालेला केक बहुधा जास्त आच सांगतो. फिकट, बसका आणि कडेला आकसलेला केक कमी आच किंवा लवकर उघडलेले दार सांगतो. वरून काळा आणि तळाशी पांढरा असेल तर आधी जाळीची उंची बदलावी, अंश नंतर. खारी किंवा पफ पेस्ट्रीचे पदर सुटत नसतील तर तापमान २०० च्या खाली राहत आहे असे समजावे.

मोजणीतून निघालेले आकडे एका कागदावर लिहून ओव्हनजवळच्या कपाटाच्या दारावर चिकटवावेत: नॉबवर किती, आत किती. फरक दर वेळी तेवढाच येत असेल तर ओव्हन दुरुस्त करण्याची गरज नाही, तो फरक धरूनच नॉब ठेवावा. एकाच खुणेवर, विजेचा दाब ठीक असताना, एकदा १६० आणि एकदा २१० असे वाचन येत असेल, किंवा दिवा कधी बंदच होत नसेल, तर थर्मोस्टॅट निकामी झाला आहे आणि ओव्हन वापरणे थांबवून तंत्रज्ञाला दाखवावा. त्याच वेळी दाराची स्प्रिंग सैल झाली आहे का हेही पाहून घ्यावे, कारण फटीतून उष्णता जात राहिली तर पदार्थाची पुढची बाजू नेहमी फिकट राहते. थर्मोस्टॅट बदलला तर तिन्ही खुणांवरची मोजणी नव्याने करावी आणि दारावरचा जुना कागद काढून टाकावा.